चोवीस तासांत खुलासा

“हा माणूस आजारी नाही,” घारपुरे सर म्हणाले आणि त्यांनी एक चिठ्ठी माझ्या टेबलावर ठेवली. चिठ्ठीवर पवईतल्या एका सोसायटीचा पत्ता होता. वर नाव लिहिलं होतं, कॅप्टन रणधीर शितोळे.

“ताप आहे म्हणाले ते,” मी म्हटलं.

“फोन तूच घेतलास ना? आवाज कसा वाटला?”

“नेहमीसारखाच. थोडा दबलेला.”

“खोकला, शिंका, काही?”

“नाही.”

“सहा वर्षांत या माणसाने आजारपणाची एक रजा घेतलेली नाही. आणि नेमका आज, तेवीस डिसेंबरला, त्याला ताप येतो.” सरांनी घड्याळाकडे पाहिलं. साडेनऊ झाले होते. “घरी जाऊन ये. फळं वगैरे घे, विचारपूस करायला आले म्हण. खरंच अंथरुणात आहे का ते बघ. चार वाजता उद्याची यादी बंद करायची आहे, त्याच्या आत मला कळव.”

या गोष्टीला आता सतरा वर्षं झाली. मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांची होते आणि मुंबईत एका विमान कंपनीत वैमानिकांच्या ड्यूट्या लावायचं काम करत होते. ती कंपनी पुढे बंद पडली. घारपुरे सर आमच्या विभागाचे प्रमुख होते. हुशार माणूस, पण डिसेंबर उजाडला की त्यांना जेवण जायचं नाही.

कारण डिसेंबर म्हणजे धुक्याचा महिना. धुकं पडायचं दिल्लीला आणि तोंडचं पाणी पळायचं आमचं, मुंबईत. नाताळच्या सुट्टीत एकही विमान रिकामं नसायचं, त्यामुळे एक फेरी रद्द झाली की तिच्यातल्या पावणेदोनशे माणसांना बसवायला दुसरीकडे जागाच नसायची. त्यातून सकाळी दिल्लीला गेलेलं विमान परत येऊन दुपारी गोव्याला आणि संध्याकाळी बंगळूरला जायचं. ते सकाळी कुठे चार तास अडकलं की गोव्यातली माणसंही आपापल्या बॅगांवर बसून राहायची. धुक्याचा आणि आपला काय संबंध, हे त्यांना काही केल्या पटायचं नाही.

दाट धुक्यात उतरण्याचं खास प्रशिक्षण घेतलेले कॅप्टन आमच्याकडे फक्त अकरा होते. ऑफिसात त्यांना सगळे ‘धुकेवाले’ म्हणायचे. पहाटेच्या दिल्लीच्या फेऱ्यांवर त्यांनाच बसवायचं, त्यांची झोप नीट होईल असं बघायचं, एकाला कायम राखीव ठेवायचं, हे सगळं नोव्हेंबरपासून जुळवून ठेवलेलं असायचं. त्या आठवड्यात अकरातले दोघे आधीच आजारी पडले होते. आणि त्या दोघांनाही विमानतळाजवळच्या एका हॉटेलात कुणीतरी पाहिलं होतं. आखातातल्या एका कंपनीच्या मुलाखती तिथे चालू होत्या.

शितोळे तिसरे. शिवाय सरांच्या कानावर आणखी एक गोष्ट आली होती. तीनच दिवसांपूर्वी शितोळ्यांनी रेकॉर्ड विभागात जाऊन आपल्या उड्डाणांच्या नोंदींची प्रत मागितली होती. नोकरी सोडणारा माणूसच असले कागद गोळा करतो.

मलाही तसंच वाटलं. ड्यूट्या लावणाऱ्या माणसाला कुणाचाच ताप खरा वाटत नाही. कोण कुठल्या तारखेला आजारी पडतो, कुणाची सासू दरवर्षी दिवाळीतच दवाखान्यात जाते, हे मला पाठ झालं होतं. समोरचा बोलायला लागला की तो काय सांगतोय यापेक्षा काय लपवतोय तिकडे माझे कान असायचे.

शितोळ्यांना मी समोरासमोर कधी भेटले नव्हते. तीन वर्षं आठवड्यातून चार-पाचदा आमचं फोनवर बोलणं व्हायचं, तेवढंच. “खातू मॅडम, बोला, कुठे पाठवताय?” अशी त्यांची सुरुवात असायची. हवाई दलातून आलेले, पुण्याकडचे, पन्नाशी ओलांडलेले. फाइलीतला त्यांचा फोटो मात्र मी नीट पाहून घेतला आणि निघाले.

दार त्यांच्या पत्नीने उघडलं. मी कंपनीचं नाव सांगून फळांची पिशवी पुढे केली. त्यांनी पिशवी घेतली, पण दारातून बाजूला झाल्या नाहीत.

“झोपलेत ते. ताप आहे.”

“किती आहे?”

“आहे बऱ्यापैकी.”

“डॉक्टरांना दाखवलं का?”

“दाखवू.” त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “ऑफिसातून घरी बघायला कधीपासून यायला लागली माणसं? सहा वर्षांत कुणी आलं नाही.”

मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली. चपलांच्या रॅकवर धुतलेले, पॉलिश केलेले काळे बूट होते. आत कुठेतरी नळ चालू होता आणि कुणीतरी खाकरलं. झोपलेला माणूस नळ सोडत नाही. मी निघणार तेवढ्यात त्या एक पाऊल बाहेर आल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, “खरं सांगा. ऑफिसात काही झालंय का त्यांचं?”

“नाही. का बरं?”

“चार दिवस झाले, नीट बोलत नाहीत. खाण्यावर लक्ष नाही. मला वाटलं तुम्हाला तरी माहीत असेल.”

मला माहीत नव्हतं. पण मनात म्हटलं, परदेशातली नोकरी धरायची तर बायकोला सांगणं अवघड जात असेल.

खाली येऊन मी सोसायटीच्या मागच्या रस्त्यावरच्या टपरीवर चहा घेतला. ग्लास अर्धा झाला नसेल, तर मागच्या छोट्या फाटकातून फोटोतला माणूस बाहेर आला. उंच, ताठ, निळा शर्ट. तापाचं नामोनिशाण नव्हतं. सोसायटीच्या आवारात गाडी असताना तो पायी कोपऱ्यापर्यंत गेला, मागे वळून एकदा पाहिलं आणि त्याने रिक्षाला हात केला. मी चहा तसाच ठेवून दुसरी रिक्षा पकडली.

“त्या रिक्षाच्या मागे राहा,” मी म्हटलं.

रिक्षावाला आरशातून माझ्याकडे बघून म्हणाला, “घरचं काही आहे का, ताई?”

“ऑफिसचं आहे.”

त्याला ते खोटं वाटलं असावं. वाटेत तो दोनदा म्हणाला की असल्या गोष्टी घरात बसून मिटवाव्यात.

मुलाखतींचं हॉटेल एकीकडे आणि रिक्षा चालली होती भलतीकडेच. ती मुलुंडला पाच रस्त्याच्या पुढे एका जुन्या इमारतीपाशी थांबली. पहिल्या मजल्यावर डोळ्यांचा दवाखाना होता. दोन मिनिटं जाऊ देऊन मीही वर गेले आणि बाकाच्या टोकाला जाऊन बसले. शितोळे खिडकीपाशी बसले होते. मला त्यांनी पाहिलं, पण ओळखण्याचं काही कारणच नव्हतं.

थोड्या वेळाने काउंटरवरच्या मुलीने हाक मारली, “शंकर शिंदे.” आणि कॅप्टन रणधीर शितोळे उठून आत गेले.

आता मला शंकाच उरली नाही. वैमानिकांची तपासणी ठरलेल्या सरकारी डॉक्टरांकडे होते. पवईत, अंधेरीत डोळ्यांचे दवाखाने काय कमी होते? पण परदेशातल्या कंपनीच्या कडक तपासणीला जाण्याआधी काही वैमानिक आपले डोळे-कान गुपचूप तपासून घेतात, हे मी ऐकलं होतं. लांबचा दवाखाना, खोटं नाव, मागचं फाटक. सगळं बसत होतं. मी बाहेर जिन्यात येऊन सरांना फोन लावला. तो लागला नाही. नंतर कळलं, ते त्या वेळी उद्याचा हवामानाचा अंदाज घेत बसले होते. दिल्लीत पहाटे चार ते दहा, धावपट्टीवर पन्नास मीटरच्या पुढचं दिसणार नाही, असा तो अंदाज होता.

पाऊण तासाने शितोळे बाहेर आले. डोळ्यांत थेंब घालून बाहुल्या मोठ्या केल्या होत्या, त्यामुळे खिडकीतल्या उजेडाने त्यांनी डोळे मिटून घेतले. चाचपडत येऊन ते बाकावर माझ्या शेजारीच बसले. हातात डॉक्टरांचा कागद होता. तो त्यांनी जवळ धरला, लांब धरला, काही उपयोग झाला नाही. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “बाई, एवढं वाचून दाखवाल का? डॉक्टरांनी तोंडी सांगितलंय, पण मला नीट ऐकायचंय.”

मी कागद घेतला.

“उजवा डोळा सहा-सहा. डावा डोळा सहा-सहा. मोतीबिंदू नाही. पडदा चांगला. दाब ठीक. रंगांची ओळख ठीक. कोणताही दोष आढळला नाही.”

“पुन्हा वाचा.”

मी पुन्हा वाचलं. ते खाली मान घालून ऐकत होते. चांगली बातमी ऐकणाऱ्या माणसाचा तो चेहरा नव्हता. नोकरीसाठी आलेला माणूस हे ऐकून उठून उभा राहिला असता. हे मात्र बाकावर आणखीच खचले.

“काहीच नाही?”

“काहीच नाही.”

मग डोळे मिटलेलेच ठेवून म्हणाले, “उद्या पहाटेच्या पाच पन्नासच्या दिल्लीला राखीव कोण ठेवलंय, खातू मॅडम?”

माझ्या हातातला कागद तसाच राहिला. माझा आवाज ते तीन वर्षं फोनवर ऐकत होते. चेहरा नसला म्हणून काय झालं, तो त्यांना ओळखू येणारच होता.

“कुणी नाही, सर,” मी म्हटलं. “राखीव होता तो कालच आजारी पडला.”

“आणि तुम्ही मला धरायला आलात.”

“सरांनी पाठवलं.”

“बरोबर आहे. त्यांच्या जागी मी असतो तर मीही पाठवलं असतं.” ते उठले. “खाली चहा मिळतो का बघू या. जिन्यात जरा हात द्या.”

इमारतीला लागूनच एक छोटं उडप्याचं हॉटेल होतं. आतल्या अंधाऱ्या कोपऱ्यातलं टेबल आम्ही घेतलं. त्यांनी चहा मागवला आणि प्यायला नाही.

“आखातात जाताय का, सर?” मी सरळच विचारलं.

त्यांना खरंच कळलं नाही. “आखातात?”

“नोंदींची प्रत मागितलीत. आज खोटं नाव दिलंत.”

“अच्छा.” ते किंचित हसले. “तुम्हाला तसं वाटलं होय.” मग हसू गेलं. “एकोणीस तारखेची माझी दिल्लीची फेरी आठवते?”

“हो. वेळेवर पोचला होतात.”

“इतक्या धुक्यात विमान माणूस उतरवत नाही, मॅडम. ते आपलं आपण उतरतं, यंत्रावर. माणसाचं काम एवढंच, की जमीन पन्नास फुटांवर आली की बाहेर बघायचं. धावपट्टीचे दिवे दिसले तर दिसले म्हणायचं, विमान उतरू द्यायचं. नाही दिसले तर त्याच क्षणी परत वर न्यायचं. दोन-तीन सेकंदांचं काम. शेजारचा पोरगा तेव्हा आतल्या काट्यांवर नजर ठेवून असतो. बाहेर बघणारा मी एकटा.”

बाजूच्या टेबलावर कुणीतरी डोसा मागवत होतं.

“मला दिवे दिसले नाहीत. काचेच्या पलीकडे नुसतं पांढरं होतं. आणि मी दिसले म्हणालो.”

“मग?”

“मग काय. विमान उतरलं. अगदी मधोमध, पाळण्यात ठेवल्यासारखं. चाकं टेकल्यावर कुठे मला पहिला दिवा दिसला. मागे लोकांनी टाळ्या वाजवल्या.”

“पण काही झालं तर नाही ना, सर.”

“नाही झालं. एकशे अडुसष्ट माणसं होती, एकालाही खरचटलं नाही. पण पुढे धावपट्टीवर दुसरं विमान उभं असतं, एखादी गाडी असती, तर? ते बघायलाच तर मला तिथे बसवलंय.” त्यांनी डोळे चोळले. “त्या दिवसापासून मी स्वतःला सांगतोय, दिवे असतील, तुझेच डोळे गेले असतील. वय झालं. म्हणून इथे आलो. डोळे खराब निघाले असते तर मी आजारी माणूस ठरलो असतो. आता मी कोण ठरतो?”

मी विचारलं, “का म्हणालात पण? जवळ जयपूर होतं, लखनौ होतं. तुम्ही तर आधी एकदा जयपूरला गेला होतात.”

“अकरा तारखेला. गेलो होतो.” ते टेबलाच्या सनमायक्यावर बोट फिरवत राहिले. “दुसऱ्या दिवशी पत्र आलं. पाठ झालंय मला. ‘त्याच पंधरा मिनिटांत अन्य दोन कंपन्यांची विमाने दिल्लीत सुरक्षित उतरली असता आपण जयपूरला जाण्याचा निर्णय का घेतलात, याचा खुलासा चोवीस तासांत करावा.’ खाली घारपुऱ्यांची सही. तेहतीस वर्षं विमान चालवतोय. हवाई दलातही असा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. एकोणीस तारखेला पन्नास फुटांवर बाहेर बघत होतो ना, तेव्हा ते दोन कंपन्यांचं वाक्य माझ्या डोक्यात होतं. दिवे शोधायच्या वेळेला मी खुलासा लिहीत होतो.”

सही सरांची होती. पत्र मी लिहिलं होतं.

अकरा तारखेला जयपूरमुळे आमच्या सात फेऱ्या कोलमडल्या होत्या. सर म्हणाले होते, “त्याला नुसती विचारणा कर.” अन्य दोन कंपन्यांची विमाने मी शोधून काढली होती. ‘सुरक्षित’ हा शब्द माझा. चोवीस तासही माझे. पत्र पाठवल्यानंतर ते मी विसरूनही गेले होते. दिवसाला तशी दोन-तीन पत्रं जायची.

हे मी त्यांना तिथे सांगितलं नाही. तोंडापर्यंत आलं होतं. मी चहा पिऊन टाकला.

“नोंदींची प्रत त्यासाठीच मागितली,” ते म्हणाले. “कंपनीला लिहून द्यायचंय. चार दिवस कागद पुढ्यात घेऊन बसतोय. घरी मंदाला, बायकोलाही, अजून सांगितलेलं नाही.”

तेवढ्यात माझा फोन वाजला. घारपुरे सर.

“सापडला का?”

“सापडले. मुलुंडला आहेत, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे.”

“म्हणजे आखात. मी काय म्हणत होतो? फोन दे त्याला.”

मी फोनवर हात ठेवून शितोळ्यांकडे पाहिलं. त्यांना सगळं ऐकू गेलं होतं.

“थेंबांचा अंमल संध्याकाळपर्यंत उतरतो,” ते म्हणाले. “उद्या पहाटे मी उडवू शकतो. कायद्याने मला काही अडचण नाही. तुम्ही म्हणत असाल तर येतो. पण उद्या दिवे दिसले नाहीत तर मी काय म्हणेन, ते मला माहीत नाही. तेवढं खरं सांगतो.”

पाच पन्नासला एकशे एकाहत्तर माणसं होती. विमान मुंबईहून सुटलं नाही तर दुपारचं गोवा जाणार, संध्याकाळचं बंगळूर जाणार. आणि हा माणूस धडधाकट होता. डॉक्टरांचा कागद माझ्याच हातात होता.

“सर,” मी फोनवर म्हटलं, “पाच पन्नास पहाटे काढू नका. धुकं उठल्यावर काढा, मग साधा कॅप्टनही चालेल.”

“का?”

“कॅप्टन शितोळे उडवण्याच्या स्थितीत नाहीत.”

“हे डॉक्टर म्हणतो की तू?”

“मी म्हणते.”

मग ते म्हणाले, “काय ठरलंय तुमच्या दोघांत?” आणि त्यांनी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला मुद्दाम विमानतळावर काउंटरपाशी उभं केलं. पाच पन्नासचं विमान साडेअकराला सुटणार होतं. सिमल्याला निघालेली नाशिकची चार कुटुंबं होती, त्यांची पुढची गाडी चुकणार होती. त्यांतल्या एक बाई लोकरीची टोपी हातात धरून माझ्यासमोर उभ्या राहिल्या. “धुकं धुकं काय सांगता? बाहेर लख्ख ऊन पडलंय. त्या पलीकडच्या कंपनीचं विमान गेलं की सकाळी दिल्लीला. तुमच्याकडे माणूस नाही, असं सरळ सांगा ना.”

त्यांचा संशय निम्मा खरा होता. मी त्यांना वडा-चहाची कुपनं दिली आणि म्हटलं, “दिल्लीत धुकं आहे, काकू.” त्यांनी कुपनं घेतली, पण माझ्यावर विश्वास ठेवला नाही.

शितोळ्यांनी सव्वीस तारखेला कंपनीला लिहून दिलं. दीड पान, स्वतःच्या अक्षरात. जानेवारीत चौकशी बसली. सुरक्षा विभागाचे प्रमुख, एक निवृत्त विंग कमांडर, मधल्या खुर्चीवर होते. घारपुरे सर शेजारी. मला साक्षीला बोलावलं होतं, कारण तेवीस तारखेला मी त्यांना भेटले होते. मी काय पाहिलं, ते सांगून झालं. मग विंग कमांडरांनी शितोळ्यांच्या कागदावरचं शेवटचं वाक्य वाचलं. माझ्यावर कोणाचाही दबाव नव्हता, चूक पूर्णपणे माझी आहे.

“तुमच्या विभागाकडून त्यांना कधी काही विचारणा झाली होती का?” त्यांनी मला विचारलं. प्रश्न उपचाराचा होता, त्यांनी पेनाचं टोपणही लावलं होतं. घारपुरे सर टेबलाकडे बघत होते.

शितोळे समोर बसले होते. ते त्या पत्राबद्दल एक शब्द बोलले नव्हते. मी नाही म्हटलं असतं तर विषय तिथेच संपला असता.

मी पर्समधून पत्राची प्रत काढून टेबलावर ठेवली.

घारपुरे सर म्हणाले, “हे आमचं नेहमीचं पत्र आहे. विमान दुसरीकडे गेलं की सगळ्यांनाच जातं.”

“सही सरांची आहे,” मी म्हटलं. “मजकूर माझा आहे. सरांनी फक्त विचारणा करायला सांगितलं होतं.”

शितोळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या दिवशी त्यांना मी नीट दिसत होते.

विंग कमांडरांनी पत्र दोनदा वाचलं. “असं का लिहिलंत?”

“मला वाटलं, ते खोटं बोलतायत. दिवे दिसत असतील आणि त्रास नको म्हणून जयपूरला गेले असतील.”

“जयपूरच्या दिवशी ते खोटं बोलत होते?”

“नाही.”

“आणि एकोणीस तारखेला?”

“त्या दिवशी खोटं बोलले.”

“त्या दिवशी तुमच्या विभागाने काही विचारलं?”

“नाही,” मी म्हटलं. “त्या दिवशी मी त्यांना मेसेज पाठवला होता. थँक यू सर, तुमच्यामुळे आजचा दिवस वाचला.”

विंग कमांडरांनी पेनाचं टोपण काढलं आणि मेसेजचा मजकूर मला पुन्हा सांगायला लावून लिहून घेतला.

शितोळ्यांचं कॅप्टनपद आठ महिने काढून घेतलं. तेवढे दिवस त्यांनी उजव्या बाजूच्या खुर्चीत बसून, स्वतःच्या मुलाच्या वयाच्या कॅप्टनांच्या हाताखाली विमानं चालवली. तक्रार केली नाही, रजाही घेतली नाही. मला लेखी समज मिळाली आणि माझी बढती गेली. घारपुरे सर दोन महिने माझ्याशी कामापुरतंच बोलले. मी हे सगळं शितोळ्यांशी संगनमत करून केलं, असं त्यांना शेवटपर्यंत वाटत राहिलं. पण विमान दुसरीकडे नेलं म्हणून खुलासा मागायचा नाही, असा हुकूम निघाला आणि तो त्यांनी कसोशीने पाळला.

त्या पत्राबद्दल शितोळे माझ्याशी कधीच बोलले नाहीत. ड्यूटीचे फोन मात्र पुन्हा सुरू झाले. “खातू मॅडम, बोला, कुठे पाठवताय?”

पुढच्या डिसेंबरात, नाताळच्या आदल्या दिवशी, सकाळी आठच्या सुमाराला त्यांचा फोन आला.

“खातू मॅडम, लखनौला आहे. दिवे दिसले नाहीत.”

माझ्या पुढ्यातल्या पडद्यावर दिल्लीत नुकत्याच उतरलेल्या विमानांची यादी होती. गेल्या अर्ध्या तासात तीन उतरली होती, सगळी दुसऱ्या कंपन्यांची. खरंच दिसले नसतील का, हे माझ्या मनात आलंच. इतकं सगळं होऊनही आलं. त्यामागोमाग दुपारचं गोवा आलं, संध्याकाळचं बंगळूर आलं.

“मॅडम, ऐकताय ना?”

“ऐकतेय, सर. किती माणसं आहेत?”

“एकशे बहात्तर. त्यात दोन तान्ही आहेत.”

“नाश्ता सांगते,” मी म्हटलं. “आणि दूध.” आणि दुसऱ्या फोनवरून लखनौचा नंबर फिरवला.